जावईबापूंची गोधडी

बाळांनो,

धाकटा अजून रात्री अंथरूण ओलं करतो, आणि तिथे तुमच्याकडे कोणीतरी कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणके दाबून उपचार करणाऱ्याकडे, न्यायला सुचवलं, असं परवा तुमची आई फोनवर म्हणाली. न्यावं का, असं विचारत होती. मी म्हटलं, आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखव. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. धाकट्यालाही वाचून दाखवा.

ही हकीकत तुमच्या अकोल्याच्या आतेबहिणीची. तिला विचारूनच लिहिते आहे. "लिही गं आजी, आता काय त्याचं," असं म्हणाली. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

मे महिन्यात आपल्या अमरावतीच्या घरी सगळी नातवंडं गच्चीवर झोपतात. संध्याकाळी फरशीवर पाणी मारायचं आणि ती निवली की एका ओळीत गाद्या घालायच्या. ही मात्र खाली माझ्या खोलीत झोपायची. कारण रोज नवं, कधी डास तर कधी वटवाघूळ. वरून भावंडांचं हसणं ऐकू आलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी तिने आईला स्पष्टच सांगितलं, "या वर्षी मला वर झोपायचंय. काहीतरी कर."

तुमच्या आत्याच्या शेजारणीचा मुलगा कायरोप्रॅक्टरकडे जाऊन बरा झाला होता म्हणे. आत्याने वेळ घेतली. मीही बडनेरा स्टेशनावरून गाडी धरून अकोल्याला गेले. मणका दाबल्याने अंथरूण कसं सुकतं, हे मला समजून घ्यायचं होतं. जावईबापू आणि विहीणबाईही आल्या. विहीणबाई वाटभर कुरकुरत होत्या, "येवढीशी पोर! तिले दाबाले कायले नेता?"

तो कायरोप्रॅक्टर तरुण होता, बोलायला मऊ. त्याने मुलीला टेबलावर पालथं झोपवलं. त्या टेबलाला तोंड ठेवायला भोक असतं, त्यातून तिला फक्त फरशी दिसत होती. त्याने पाठीवरून हलके हात फिरवले आणि सहज विचारलं, "घरात लहानपणी कोणाला हा त्रास होता का?"

"नाही," जावईबापू म्हणाले.

"नाई कायले म्हन्तं रे?" विहीणबाई खुर्चीतून उठल्याच. "सहावीत गेल्ता तरी गोधडी ओली करत होता! धुता धुता माये हात दुखून जात."

जावईबापूंचे कान लाल झाले. मला राहवलं नाही. "विहीणबाई, लग्न ठरवताना हे नाही सांगितलंत!"

"सांगतलं असतं तं तुमी पोरगी देली असती काय?"

तुमची आत्या तोंडाला पदर लावून हसत होती. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "बाबा, खरंच?"

जावईबापू खाली वाकले. मग सरळ फरशीवरच बसले, तिचं तोंड दिसावं म्हणून. "खरं आहे बेटा. मामाच्या गावी जायची भीती वाटायची मला."

"मग कसं थांबलं?"

"काय माहीत. थांबलं आपोआप."

कायरोप्रॅक्टरने प्रामाणिकपणे सांगितलं की पाठीच्या दुखण्याबद्दल तो खात्री देऊ शकतो, याबद्दल नाही. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा म्हणाला. मीही नंतर पुष्कळ वाचलं. या उपायाने अंथरूण सुकतं याला भरवशाचा आधार मला सापडला नाही. शेजारणीचा मुलगा बरा झाला हे खरंच असेल, पण तो कदाचित तसाही बरा झाला असता. तुमच्या आत्याच्या आशेला मी हसत नाही. पोरीचा उतरलेला चेहरा रोज पाहिला की आई कुठेही जाईल.

बालरोगतज्ज्ञांनी वेगळेच प्रश्न विचारले. पोट साफ होतं का? शाळेत पाणी पितेस का? शाळेतलं स्वच्छतागृह घाण, म्हणून ही दिवसभर पाणीच पीत नव्हती, आणि घरी आल्यावर तांबेच्या तांबे रिकामे करायची. पोटही साफ होत नव्हतं. त्यावर औषध मिळालं, दिवसा पाणी प्यायची सवय लावली. अंथरूण ओलं होणं हळूहळू कमी झालं, पण मे उजाडला तेव्हा पूर्ण थांबलेलं नव्हतं.

तरी ती वर गेली. जावईबापूंनी स्वतः तिच्या गादीवर मेणकापड घातलं, वर गोधडी टाकली आणि शेजारी आपली चटई अंथरली. एरवी आमचे जावई कूलर सोडून हलत नाहीत.

एका सकाळी मी वर गेले, तर ते कठड्यावर ओली गोधडी पसरत होते. तुमच्यापैकीच कोणीतरी विचारलं, "ही कोणाची?"

"माझी," जावईबापू म्हणाले.

ती डोळे चोळत उठून बसली. "खोटं नका बोलू हो बाबा. माझी आहे," म्हणाली. "पण यांचीपण ओली व्हायची, सहावीपर्यंत!" सगळे हसले, तीही हसली, आणि त्या रात्रीही तिची गादी ओळीतच पडली.

तेव्हा धाकट्या, डॉक्टरांकडे जा, दिवसा पाणी पी, आणि आज जेवताना तुझ्या बाबांना एक प्रश्न विचार. त्यांच्या गोधड्या मी धुतल्या आहेत. ते नाही म्हणाले, तर मला फोन लाव.