दोराचं दुसरं टोक

“आडवं पडून कुणी जाळं ओढतं का?” आमच्या किहीमच्या दवाखान्यातले डॉक्टर असं म्हणाले की समजावं, टेबलावरचा पेशंट आता अंगणात येणार. मी त्यांचा कंपाउंडर. दोर आणून देणं माझ्या कामात कुठेच बसत नव्हतं, पण बाटल्यांच्या जोडीनं तो दोरही मीच सांभाळला.

पेशंटनं जाळं ओढल्यासारखा दोर ओढायचा. दुसरं टोक डॉक्टरांच्या हातात. ओढ रंगात आली की ते मध्येच बारीक हिसका द्यायचे. सांधा मोकळा असला तर हात जरा ढिला पडून सावरतो, आखडलेला असला तर लाकडासारखा तसाच राहतो, असं त्यांचं म्हणणं. या खटाटोपात त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा, पण स्वारी खुशीत असायची. असा डॉक्टर तुम्हीही पाहिला नसेल.

स्वातंत्र्यानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. धाकू तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, पावसाळ्याआधी होडीवरून पडला आणि त्याचा उजवा खांदा धरला. पावसाळाभर शेक झाले, व्यायाम झाले. नारळी पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा डॉक्टरांनी दोर मागवला. हिसक्यावर हिसके दिले, हात तसूभर हलला नाही.

“धाकू, यंदा होडी मेव्हण्याकडे दे,” ते हळूच म्हणाले. “असा खांदा घेऊन समुद्रात जाणं बरं नव्हे.”

“दुखत तं न्हाय,” धाकू म्हणाला. “पन आत काय हाय ते तुमालाच ठावं.”

घरी जाऊन त्यानं जेवणच टाकलं, असं त्याची बायको मला सांगून गेली. डॉक्टरांनाही घास गोड लागेना.

पौर्णिमेला सगळे दोरानं ओढून होड्या पाण्यात उतरवत होते. धाकूला राहवेना, तोही दोराला लागला. डॉक्टर धावले ते त्याला बाजूला काढायला. पण सवय कुठे जाते! मागून दोर धरला आणि दिला हिसका. धाकूचा हात अलगद मागे आला, सावरला, पुन्हा ओढू लागला.

“अरे, हात मोकळा आहे तुझा! मग दवाखान्यात काय झालं होतं?”

“तवा तुमी खेचत होता, डाक्टर! तुमच्यासारक्या किडकिडीत मानसाला हारलो आसतो, तं मना तांडेल कोन म्हनला आसता?”

डॉक्टर वाळूतच बसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. “गाढवा, तिथे हरायचंच होतं! आणि मीही गाढव, तुला सांगितलंच नाही.” माझाही जीव भांड्यात पडला. धाकूनं नारळ वाहिला आणि सुकाणू हातात घेतलं.

पुढे डॉक्टरांची बदली झाली. रेवसच्या धक्क्यावर त्यांना लाँचमध्ये चढवायला धाकूनं उजवा हात पुढे केला. डॉक्टरांनी तो धरला आणि जाता जाता एक हिसका दिला. धाकूनं हात ढिला सोडला.

“हारलो, डाक्टर,” तो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत रडला.