पाइप माझ्याकडे वळला

"थांब, आधी याला फुंकून साफ करतो," शेठचा मुलगा म्हणाला आणि हवेचा पाइप माझ्या तोंडावर धरला.

परळच्या एका गाळ्यात छपाईची शाई बनते. तिथे मी फिटर. शाई ढवळायला हवेवर चालणारी मोटर बसवत होतो. सॉल्व्हंटच्या वाफेत विजेची ठिणगी नको, म्हणून हवेची. मोटर जोडण्याआधी पाइप फुंकून काढावा लागतो. आतला गंज, पाणी बाहेर पडू द्यायचं, नाहीतर मोटरची पाती जातात. मी पाइपाचं तोंड भिंतीकडे धरलं होतं. माणसाकडे कधीच धरत नाहीत.

त्याने तो माझ्या हातून ओढला.

"हे जयभीमवाले कितीही धुवा, वास जात नाही. बघू, हवेने जातो का."

सगळा गाळा हसला. मी मान फिरवली आणि झोत उजव्या कानात शिरला. खिळा ठोकल्यासारखं झालं. मग शिट्टी. मग त्या बाजूला काहीच नाही. हसणारी तोंडं दिसत होती. बोटाला रक्त लागलं.

आणि मी काय केलं? मोटर जोडली. तेल भरलं, हवेचा दाब कमी ठेवून हळूहळू वाढवला. रिकामी मोटर सुसाट पळून खराब होते, म्हणून ढवळायचा पंखा शाईत बुडवूनच चालू केली. सगळं नीट.

मोठे शेठ आले. "मस्करी केली रे पोराने. डॉक्टरला सांग, कानात काडी घातली."

मी मान डोलावली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशाने झालं?" काडी हा शब्द अगदी जिभेवर आला. माझ्या आजोबांना गिरणीत विणकाम खात्यात घेतलं नव्हतं, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागायचा. आमच्या तोंडाचा विटाळ. आजोबा मरेपर्यंत त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

"मारलं मला," मी म्हणालो. "मालकाच्या पोराने. जात काढून. हेच लिहा."

तिथून उठलो तो थेट पोलीस चौकीत. हवालदार म्हणाला, "आपसात मिटवा ना." मी बाकावरून हललो नाही. शेवटी तक्रार घेतली. काम त्याच आठवड्यात गेलं. पाइप माझ्यावर धरला तेव्हा लालबागचा माझा कामावरचा जोडीदार शेजारीच उभा होता. साक्ष देशील का, विचारलं. खाली बघून म्हणाला, "माका ह्यात घालू नको रे. पोरां ल्हान असत."

मग मोठे शेठ करी रोडला आमच्या खोलीत आले. "पोराचं आयुष्य बरबाद होईल. तक्रार मागे घे, उद्यापासून कामावर ये."

आई हळूच म्हणाली, "घे बाबा. भांडून कान परत येणारे का?"

"नाही येणार," मी म्हणालो आणि दार उघडून उभा राहिलो. "शेठ, निघा. पोराला कोर्टात पाठवा."

साक्षीदार नाही. तारखा पडतायत. आई माझ्याशी धड बोलत नाही. मी प्रत्येक तारखेला जातो, एकटा. हरलो तरी काडी म्हणणार नाही.