बापूराव, चहा आला!

भुताखेतांबद्दल माझं मत पहिल्यापासून एकच आहे — आधी केबल तपासा. वाशिम जिल्ह्यातल्या ऑफिसांचे कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात माझी अर्धी हयात गेली. 'आपोआप होतंय हो' म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलाखाली मला सैल वायर, उंदीर, नाहीतर त्याचा स्वतःचाच पाय सापडलेला आहे. तेव्हा पुढचं वाचताना मला भोळा समजू नका.

ऑफिस मालेगावचं. वाशिम रोडवर, खाली कृषी केंद्र आणि वर सोयाबीनचं बियाणं तयार करणारी एक शेतकरी कंपनी. एक लांबट हॉल, चार टेबलं, कोपऱ्यात सर्व्हर आणि त्यावर सगळ्यांचा मिळून एक शेअर्ड फोल्डर. त्यातली बियाण्याच्या प्लॉटची एक्सेल फाईल म्हणजे ऑफिसचा जीव... आणि तिच्यावर बापूरावांचा कब्जा.

बापूराव तिथले जुने क्लार्क. फाईलमध्ये एका वेळी एकालाच लिहिता यायचं, आणि बापूराव सकाळी उघडायचे ते सोडायचेच नाहीत. मग ऑफिसने युक्ती काढली. कोणाला फाईल हवी असली की हॉलभर आरोळी — "बापूराव, चहा आलाऽऽ!" ते लगबगीने फाईल बंद करून उठायचे, चहा नसायचाच, आणि "लबाड आहा रे तुमी सगळे!" म्हणत परत येऊन बसायचे. मीसुद्धा ही आरोळी ठोकलेली आहे, अगदी जीव लावून.

गेल्या दिवाळीनंतर बापूराव वारले. त्यांच्या मशीनची हार्ड डिस्क मीच काढून नेली. कॉम्प्युटरचा रिकामा डबा त्यांच्या टेबलावर तसाच राहिला.

नंतर श्रावणात एका दुपारी वनिताताईंचा फोन. ताई जवळच्या रिठद गावच्या. आधी बापूरावांच्या हाताखाली होत्या, आता सगळं काम त्यांच्याच गळ्यात.

"भाऊ, फाईल उघडून नाही राह्यली. पाच वाजता बियाणं नोंदवाचं सरकारी पोर्टल बंद होते. आमच्या रिठदच्या लोकायचे प्लॉट आज चढले नाही तं त्यायचं यंदाचं बियाणं बाद. अन् माही नोकरीबी."

"स्क्रीनवर काय लिहून येते?"

"ते... तुमी या न इकडं."

गेलो. स्क्रीनवर लिहिलं होतं — ही फाईल 'बापूराव' यांनी उघडलेली आहे.

मी मनापासून हसलो. "ताई, जुना लॉक अटकला असन. पाच मिनिटाचं काम आहे."

त्या पाच मिनिटांनी माझी दुपार खाल्ली! सर्व्हरवर उघड्या फायली पाहिल्या. वापरणारे बापूराव, मशीन बापूरावांचंच — म्हणजे तो रिकामा डबा. नाव बंद केलं, गेलं, माझी कॉलर ताठ... आणि नाव परत हजर. त्यांचं लॉगिन बंद केलं — हजर. सर्व्हर रीस्टार्ट केला. तो कण्हत-कुंथत उठला आणि पहिलंच नाव, बापूराव. कॉपी काढावी तर 'फाईल वापरात आहे'. बॅकअप उघडावा तर त्यात ताईंच्या ताज्या नोंदीच नाहीत. शेवटी वैतागून मी सगळ्या केबली उपटल्या. आता सर्व्हर या जगात एकटा होता. तरीही... बापूराव.

कंपनीचे अध्यक्ष नानासाहेब मागे येऊन उभे राहिले. "काय हो इंजिनिअर, करून काय राह्यले तुमी? बापूराव होते तवा असं कधी झालं नाही!"

"आताबी तेच हायेत न नानासाहेब," मी चिडून म्हणालो, "तेच तं लफडं आहे!"

वनिताताई रडकुंडीला आलेल्या. "माह्या मामाचाबी प्लॉट आहे यात. काय तोंड दाखवू गावात?" आणि एकदम त्या रिकाम्या डब्याकडे वळून, संतापाने, जुन्या सवयीने ओरडल्या — "बापूराव, चहा आलाऽऽ!"

यादीतलं नाव गेलं.

मी काहीही केलेलं नव्हतं. माझे दोन्ही हात डोक्याला होते.

धडपडत केबली लावल्या. ताई फाईल उघडायला जातात तोवर — परत बापूराव!

"लबाडच आहो आपण," ताई हळूच म्हणाल्या. "चहा कुठी आणला?"

आता बघा... आयुष्यभर केबली तपासलेला, पन्नाशीचा, पोट सुटलेला हा माणूस जिना उतरून, रस्ता ओलांडून धावत हॉटेलात गेला आणि म्हणाला, "एक चहा दे रे. साखर कमी टाक, म्हातारा माणूस आहे." ग्लास आणून बापूरावांच्या टेबलावर ठेवला. कोणी हसलं नाही. नानासाहेबांनी तर टोपी सरळ केली.

नाव गेलं ते गेलंच. पोर्टल बंद व्हायच्या आत रिठदचे सगळे प्लॉट चढले. ताई खुर्चीतच मागे टेकल्या आणि डोळे पुसू लागल्या.

निघताना मी ग्लास पाहिला. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. मला जरा धीर आला. "पाह्यलं का ताई? कोनी पेलं नाही. म्हणजे हा सगळा सॉफ्टवेअरचाच..."

"त्यायले डॉक्टरनं चहा कवाचाच बंद केला होता, भाऊ," ताई म्हणाल्या. "अन् चहा नसते, हेबी माईत होतं त्यायले. तरी हाक मारली का उठत. रोज. आज पह्यल्यांदा कोनी खरा आणला."



त्यानंतर मी सगळ्या केबली जोडणारा नेटवर्कचा स्विच बदलला, सर्व्हर पुसून नव्याने बसवला, जुने लॉग वाचून वाचून डोळे फोडून घेतले. केबली हातात असताना ते नाव येत कुठून होतं, ते मला आजही सांगता येत नाही. नव्या सर्व्हरवरही बापूरावांच्या नावाचं लॉगिन मी मुकाट्याने करून ठेवलंय. ताईंनी सांगितलं होतं, आणि मी कारण विचारलं नाही.

त्या टेबलावर आता रोज एक चहा येतो. थंड होईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. मग तो नानासाहेब पितात.