इतिहासाच्या तासातली खापरं

हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन तुकडे होणार, हे ठरलं होतं. हैदराबाद शहरातल्या विद्यानगरच्या आमच्या शाळेत तेलुगू, मराठी, कानडी पोरं तोवर एकाच बाकावर बसायची. त्या दिवशी इतिहासाच्या सरांनी वर्गात फुटका माठ आणला. म्हणाले, "ग्रीक लोक माजलेल्या पुढाऱ्याचं नाव खापरावर कोरायचे आणि ज्याच्या नावाची खापरं जास्त, त्याला शहराबाहेर काढायचे. घ्या कर्कटक, तुम्हीही कोरा."

सरांना वाटलं, पोरं मॉनिटरचं नाव लिहितील. पहिल्या खापरावर निघालं, 'सगळे मराठी'. दुसऱ्यावर, 'सगळे तेलुगू'. सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि वर्ग पेटला. खापरं उडायला लागली. मीही माझं फेकलं, सगळा जीव एकवटून. ज्याच्या डब्यातली गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची चटणी मी रोज खायचो, त्या तेलुगू मित्राच्या डोळ्यात ते घुसलं. डोळा गेला.

"नशिबात होतं, हवाच तशी होती," घरचे म्हणत राहिले. डोंबलाचं नशीब! त्या दिवशी सरांनी ते रक्तानं माखलेलं खापर पुसून दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्यावर मी काहीच लिहिलं नव्हतं. ज्याला हाकलावं असं मला कुणी आठवलंच नव्हतं.