डावा कान
नदीपात्रातून ढोलांचा आवाज यायला लागला की मला पथकातला माझा पहिला सराव आठवतो, मांडवातल्या ओल्या मातीच्या आणि ढोलाच्या नव्या दोरीच्या वासासकट. माझ्या पुढे उभ्या असलेल्या ताशेवाल्या ताईनं माझ्या कानातला कापूस पाहिला आणि म्हणाली, “तो घरी वातींना ठेव. ताशाला त्यानं काही फरक पडत नाही.” मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन सांगितलं, की मेडिकलमधले फोमचे बोळे घातले तर ताशाच ऐकू येत नाही आणि माझा ठेका चुकतो. तिनं मान वळवून उजवा कान पुढे केला. “इकडून बोल. डावा कान मी ताशाला देऊन बसलेय.” मग पिशवीतून वादकांच्या खास इअरप्लगची नवी डबी काढून माझ्या हातात ठेवली. ते घातल्यावर आवाज खाली बसला, पण ताशाची एकेक काडी स्वच्छ ऐकू येत होती. त्या दिवसापासून मी त्यांच्याशिवाय ढोल बांधला नाही. आजही आम्ही चहाला भेटतो. ती पुटपुटते तेसुद्धा मला पहिल्याच वेळी कळतं. माझं बोलणं मात्र तिला दोनदा सांगावं लागतं, आणि दुसऱ्यांदा सांगताना मी आवाज चढवत नाही, खुर्ची तिच्या उजवीकडे सरकवते.