सोफ्यावर अंथरलेला पेपर

आमचे हे रिटायर झाले आणि मोबाइलमध्ये घुसले. तिथे कुठल्या कुठल्या बाया आपापली घरं दाखवतात. पांढराशुभ्र ओटा, त्यावर एक लिंबू आणि एक कुंडी. ना तेलाची बाटली, ना कणकेचा डबा, ना ओलं फडकं. हे लोक जेवतात तरी कुठे, असं मी विचारलं, तर म्हणे तुला सौंदर्यदृष्टी नाही. इतकी वर्षं फोडणीचे डाग भिंतीवर होते, तेव्हा ह्यांची दृष्टी कुठे गेली होती देव जाणे.

मग पिंप्राळ्यातल्या आमच्या लहानशा घरात दुधी रंगाचा सोफा आला. उन्हाळ्यात खिडकी उघडली की टेबलावर बोटाने नाव लिहावं एवढी धूळ बसते इथे, आणि ह्यांना दुधी सोफा. मी उठले की हे लगेच उशी सरळ करायचे. नुसते नाकाने कांदे सोलायचे. तेही मी सोसलं.

गेल्या वर्षी आखाजीच्या सणाला माझा धाकटा भाऊ मला माहेरी न्यायला आला. सावद्याला त्याची केळीची बाग आहे. आईवडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तो. घड कापताना चीक अंगावर गळतो, आणि तो कापडाला लागला की काळा पडतो. कापड फाटेल, पण डाग निघत नाही. भावजय सोड्यात उकळून उकळून थकली. शर्ट धुतलेला होता, इस्त्रीचा होता, खांद्यावर तेवढे डाग. तो बसायला गेला आणि ह्यांनी चपळाईने सोफ्यावर पेपर अंथरला.

माझं डोकंच फिरलं. पेपर ओढून मी चुरगाळून टाकला. पण भाऊ तोवर फरशीवर बसला होता. "असू दे अक्का, मले खालीच बरं वाटते," म्हणाला. मान काही वर केली नाही त्याने. त्याने आणलेली केळी मात्र ह्यांनी मिटक्या मारत खाल्ली. केळी गोड, आणि पिकवणारा तेवढा घाण. तोंडावर सुनावलं, तर म्हणे तू उगाच मनाला लावून घेतेस.

यंदा तो येतो की नाही, याच धास्तीत मी होते. आला. अंगात कोरा शर्ट, घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या, कॉलरखालचा पुठ्ठा काढायचा राहून गेलेला. बस म्हटलं, तर सोफ्यापाशी उभाच. पँट मागून हाताने झटकली आणि ह्यांना विचारलं, "दाजी, बसू का?"

ह्यांनी आधी त्याचे खांदे निरखून पाहिले, मग म्हणाले, "बस की, आपलंच घर आहे."

चहा उकळत होता. मी गॅस बंद केला, माहेरी जायला भरलेली पिशवी उचलली आणि भावाला म्हटलं, "चल, चहा सावद्याला घेऊ."