फर्मानचा मोतद्दार

रामकिशनने एकतीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार म्हणून घोडे सांभाळले. गुडघे गेले, एका घोड्याच्या चाव्यानं उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तो मुलखात परतला तोही ट्रकमध्ये, फर्मान नावाच्या घोड्याशेजारी उभ्यानं.

फर्मान पाच वर्षांचा, तांबड्या रंगाचा. नऊपैकी सहा शर्यती मारल्या आणि पुढच्या पायाची शीर दुखावून बसला. धावणं संपलं, पण रक्त अस्सल. मुखेडजवळ रेसच्या घोड्यांची पैदास करणाऱ्या मल्लिकार्जुनअप्पांनी त्याला वळू म्हणून विकत घेतलं. दुसऱ्या कुणाला तो अंगाला हात लावू देत नसे, म्हणून रामकिशनलाही ठेवून घेतलं. रामकिशनचं गाव तिथून तासाभरावर. आता तरी हा माणूस घरी राहील, असं त्याच्या बायकोला, चांगुणाला वाटलं होतं. तो तबेल्यालगतच्या खोलीतच राहिला.

फेब्रुवारीत पहिली घोडी आणली. तीनदा व्यालेली, शांत. फर्मान खिंकाळला, दोन पावलं पुढं गेला, मग त्यानं दोर धरलेल्या रामकिशनकडं पाहिलं आणि मान खाली घालून उभा राहिला. दुसरी घोडी आणली, तेच. घोड्यांच्या डॉक्टर आरतीबाईंनी रक्त तपासलं, औषधं दिली. तीन आठवडे असेच गेले.

"मामा, कुठं चुकून राहिलं ओ?" अप्पा कंटाळून म्हणाले. "असंच चाललं तर खच्ची करून वरातीला द्यावा लागंल ह्याला."

रामकिशन फर्मानला घेऊन तबेल्याकडं वळला. काय चुकतंय ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

रविवारी चांगुणा भाकरी घेऊन आली, तेव्हा त्यानं तिला सांगितलं. "दोन वर्सांचा व्हता तवा घोडी दिसली की खिंकाळायचा. मी दोराला हिसका द्यायचो, नाकावर चापट मारायचो. रोज. तिकडं ध्यान गेलं की शर्यत जाती. आता मी उभा ऱ्हायलो की त्येला वाटतंय, मार बसंल."

"मग सांगा की डॉक्टरीणबाईला."

"सांगितलं तर मला बाजूला करतील. येवढा येकच जीव हाय माझ्यापाशी."

चांगुणानं फडकं झटकलं. "अन् मी कोण हाय?"

तिनं डबा आवरला आणि बस धरायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं आरतीबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "काका, तुम्ही आठ दिवस घरी जा," एवढंच म्हणाल्या. त्यानं फर्मानला खरारा केला, पाणी पाजलं, दोर दुसऱ्या माणसाच्या हाती दिला. जाताना वळून पाहिलं नाही.

घरी तो नुसता झोपला. सहाव्या दिवशी आरतीबाईंचा फोन आला, "जमलं काका." मार्चअखेर घोडी गाभण असल्याचं कळलं.

तो परत कामावर गेलाच नाही; एप्रिलमध्ये फक्त आपली पेटी आणायला गेला. फर्मानची मान जाड झाली होती, अंगावर मस्ती होती. रामकिशननं हाक मारली तर त्यानं कान मागं पाडून दात दाखवले. रामकिशननं खोलीतून पेटी उचलली.

"फर्मान राहू द्या, घोड्या सांभाळा की," अप्पा म्हणाले.

"आता न्हाई जमत, अप्पा. लई थकलो."

पुढच्या फेब्रुवारीत चांगुणाबरोबर तो हरभरा उपटत होता. वाकणं होत नव्हतं, म्हणून बसून सरकत सरकत. तेवढ्यात अप्पांचा फोन आला. घोडी व्याली होती.

"नर का मादी?"

"मादी."

"पाय?"

"चारी सरळ हायेत, मामा."

"बरं झालं," तो म्हणाला. फोन खिशात ठेवला. चांगुणा ओळीत बरीच पुढं गेली होती. ती थांबली, मागं वळली आणि त्याच्या वाटणीची झाडं उपटत त्याच्याकडं येऊ लागली.